टपालातून गेलेली तपासणी : नेदरलँड्समधील क्लॅमिडिया कार्यक्रमाच्या खर्चाचा हिशेब

मार्च २००८ ते फेब्रुवारी २०११ या तीन वर्षांत नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम आणि दक्षिण लिम्बर्ग या तीन भागांतल्या १६ ते २९ वयोगटातील ३,१७,३०४ तरुण-तरुणींची नावे नगरपालिकांच्या रहिवासी नोंदवहीतून काढून त्यांना क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गाच्या तपासणीसाठी घरच्या पत्त्यावर निमंत्रणपत्रे पाठवण्यात आली. पत्र मिळालेल्याने संकेतस्थळावर जाऊन किट मागवायचे, घरच्या घरी नमुना घ्यायचा आणि तो टपालाने प्रयोगशाळेकडे धाडायचा, अशी ही योजना होती. दवाखान्याची पायरी चढण्याची वेळ फक्त संसर्ग आढळलेल्यांवरच येणार होती. घरबसल्या तपासणीचा इतका मोठा, इतका शिस्तीत आखलेला आणि नंतर इतक्या परखडपणे मोजला गेलेला प्रयोग क्वचितच झाला असेल. तीन वर्षांनंतर निष्कर्ष निघाला तो असा की ही योजना देशभर राबवण्यास पुरेसा आधार नाही. किटमध्ये, टपालात किंवा प्रयोगशाळेत नाव घेण्यासारखी काही गफलत झालेली नसताना हा निष्कर्ष का निघाला, हे पाहणे हा या प्रकरण अभ्यासाचा हेतू आहे.

आजार आणि खर्चाचा प्रश्न

क्लॅमिडिया हा जिवाणूजन्य संसर्ग मुख्यतः तरुण वयात आढळतो आणि त्याची खरी अडचण अशी की बहुतेक स्त्रियांना व बऱ्याच पुरुषांना त्याची काहीच लक्षणे जाणवत नाहीत. ज्याला काही होतच नाही तो डॉक्टरकडे जात नाही, आणि नकळत संसर्ग पुढच्या जोडीदाराकडे जात राहतो. उपचार मात्र अगदी साधा आहे: त्या काळी ॲझिथ्रोमायसिनचा एक ग्रॅमचा एकच डोस दिला जाई, आता बहुतेक ठिकाणी डॉक्सिसायक्लिनच्या सात दिवसांच्या गोळ्यांना प्राधान्य देतात. उपचार न झालेल्या काही स्त्रियांमध्ये संसर्ग वर सरकून ओटीपोटातील जननेंद्रियांचा दाह होतो, आणि त्यांपैकी काहींना पुढे बीजवाहिनीत गर्भ राहणे, वंध्यत्व किंवा दीर्घकाळची ओटीपोटदुखी यांना तोंड द्यावे लागते.

चाळणी तपासणीचे, म्हणजे लक्षणे नसलेल्यांनाही सरसकट तपासण्याचे, अर्थशास्त्र गुंतागुंतीचे होते ते या 'काही' आणि 'त्यांपैकी काही' यांच्यामुळे. खर्च आज होतो, आणि तो प्रत्येक निमंत्रितामागे होतो. फायदा मात्र वर्षांनी मिळतो, आणि तोही फार थोड्या स्त्रियांना. आरोग्य अर्थशास्त्रात भविष्यातल्या रकमेला आणि फायद्याला आजच्या किमतीत आणण्यासाठी वटाव लावतात. नेदरलँड्सच्या तेव्हाच्या मार्गदर्शक नियमांनुसार खर्चाला दरसाल ४ टक्के आणि आरोग्यलाभाला १.५ टक्के वटाव धरला जाई. लाभाचा दर मुद्दाम कमी ठेवलेला असल्याने प्रतिबंधक कार्यक्रमांना तिथे जरा झुकते मापच मिळते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण निकाल प्रतिकूल लागला तो हे झुकते माप मिळूनही. लाभ मोजण्याचे एकक म्हणजे पूर्ण निरोगी आयुष्याचे एक वर्ष, ज्याला या क्षेत्रातले लोक 'क्वाली' म्हणतात, आणि प्रतिबंधक उपायांच्या बाबतीत एका क्वालीमागे सुमारे २०,००० युरो ही तिथली अनौपचारिक पण वारंवार दाखला दिली जाणारी मर्यादा आहे.

ज्या आकड्यावर आशा उभी होती

मोठा कार्यक्रम हवेतून आला नव्हता. २००२-०३ मध्ये नेदरलँड्समध्ये एक प्राथमिक प्रयोग झाला होता, ज्यात शहरी आणि ग्रामीण अशा वेगवेगळ्या भागांतील १५ ते २९ वयाच्या २१,००० जणांना लघवीचा नमुना घेण्याचे साहित्य थेट घरी पाठवण्यात आले. ८,३८३ जणांनी, म्हणजे सुमारे ४१ टक्क्यांनी, नमुना आणि प्रश्नावली परत पाठवली. आणखी ११ टक्क्यांनी नकाराचे कार्ड भरून पाठवले. डच माणसाची ही शिस्त, की नको असेल तर 'नको' हेही टपालाने कळवायचे, कोणत्याही संशोधकाला हेवा वाटावा अशी आहे. संसर्गाचे प्रमाण सरासरी २.० टक्के निघाले, स्त्रियांत २.५ आणि पुरुषांत १.५. पण त्या सरासरीच्या पोटात मोठी तफावत होती: अतिशहरी भागांत ३.२ टक्के, तर ग्रामीण भागात अवघे ०.६ टक्के.

या तफावतीचा अर्थ फक्त 'खेड्यात रोग कमी' एवढाच नाही. समजा, चाचणी निरोगी व्यक्तींपैकी हजारी तीन जणांना चुकून संसर्गित ठरवते. अतिशहरी भागात हजार चाचण्यांमागे ३२ खरे रुग्ण सापडतील आणि तीन चुकीचे. ग्रामीण भागात सहा खरे आणि तीन चुकीचे. म्हणजे तीच चाचणी, तीच प्रयोगशाळा, पण एका ठिकाणी 'तुम्हाला संसर्ग आहे' असे कळवलेल्यांपैकी जवळजवळ सगळे खरोखर संसर्गित असतात आणि दुसऱ्या ठिकाणी तिघांतला एक जण विनाकारण जोडीदाराला जाब देत बसतो. नातेसंबंधात उडणाऱ्या या खटक्यांना खर्चाच्या हिशेबात सहसा जागा मिळत नाही, आणि मला ती या हिशेबांतली खरी उणीव वाटते.

संसर्गाच्या या तफावतीमुळेच पुढचा कार्यक्रम दोन मोठी शहरे निवडून आखण्यात आला, आणि तुलनेने कमी संसर्ग अपेक्षित असलेल्या दक्षिण लिम्बर्गमध्ये संकेतस्थळावरच्या काही प्रश्नांच्या उत्तरांवरून जोखमीचे गुण काढून, ठरावीक गुणांच्या वर असणाऱ्यांनाच किट देण्याची पद्धत ठेवण्यात आली. प्राथमिक प्रयोगाच्या आकड्यांवर आधारलेली गणिती प्रतिमाने (मॉडेल) अनुकूल होती: स्त्री-पुरुष दोघांनाही बोलावले तरी खर्च समर्थनीय ठरेल असे त्यांतून दिसत होते. आशेला धरून ठेवणारा खांब होता तो ४१ टक्के सहभागाचा.

यंत्रणा

योजनेचा कारभार सोआ एड्स नेदरलँड या संस्थेने तिन्ही भागांच्या सार्वजनिक आरोग्य सेवांबरोबर पाहिला. तिचा कणा म्हणजे रहिवासी नोंदवही. नेदरलँड्समध्ये घर बदलले की नगरपालिकेत पत्ता नोंदवावाच लागतो, त्यामुळे ठरावीक वयाच्या प्रत्येक रहिवाशाचा चालू पत्ता सरकारकडे असतो. अशी नोंदवही नसलेल्या देशात या कार्यक्रमाची नक्कल करण्याचा विचारसुद्धा पहिल्या पायरीवर अडतो.

निमंत्रणपत्रात प्रत्येकासाठी स्वतंत्र सांकेतिक क्रमांक होता. तो संकेतस्थळावर टाकून प्रश्नावली भरायची आणि किट मागवायचे. स्त्रियांना लघवी किंवा योनीमार्गातून स्वतः घेतलेला स्वॅब यांतले एक निवडता येत असे, पुरुषांसाठी लघवीचा पर्याय होता. अशा किटमध्ये कराव्या लागणाऱ्या गोष्टी सोप्या असतात पण बारकाव्याच्या असतात: त्याआधी निदान तासभर लघवी केलेली नसावी, आणि एरवीच्या लघवी तपासणीत मधल्या धारेचा नमुना घेतात तसा न घेता पहिल्या धारेचा घ्यायचा, कारण मूत्रमार्गातल्या पेशी आणि जिवाणू पहिल्या धारेबरोबरच बाहेर येतात. नळीचे झाकण घट्ट लावायचे, ती द्रव शोषणाऱ्या वेष्टनासह दुसऱ्या न गळणाऱ्या पिशवीत घालायची, आणि मग बाहेरच्या पाकिटात. टपालातून जैविक नमुने पाठवण्याचे नियम ही तिहेरी बांधणी मागतात, आणि तिच्यामुळेच एक साधी प्लास्टिकची नळी 'किट' होते आणि तिची किंमत वाढते.

निकाल संकेतस्थळावर मिळे. संसर्ग आढळल्यास उपचार आणि जोडीदारांना कळवण्याचे काम फॅमिली डॉक्टरकडे किंवा लैंगिक आजारांच्या केंद्रात होई. पहिल्या पत्राला उत्तर न देणाऱ्यांना स्मरणपत्र जाई. ज्यांना संसर्ग आढळला होता त्यांना सहा महिन्यांनी, त्यांनी काही न मागता, फेरतपासणीचे किट आपोआप पाठवले जाई. या तरतुदीकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

परिणाम मोजण्याची सोय आधीच करून ठेवलेली होती, ही या कार्यक्रमाची सर्वांत प्रशंसनीय बाजू होय. वस्त्यांचे गट पाडून ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे वेगवेगळ्या टप्प्यांत वाटले होते, आणि दरवर्षी एक अशा तीन फेऱ्यांपैकी दुसऱ्या फेरीच्या अखेरीपर्यंत एका गटाला निमंत्रणच पाठवायचे नाही असे ठरले होते. म्हणजे 'तपासणी झालेली वस्ती' आणि 'अजून न झालेली वस्ती' यांची तुलना करता येणार होती. अनेक देशांनी आधी देशभर कार्यक्रम सुरू केले आणि मग त्यांचा उपयोग झाला का, हे शोधत बसले. नेदरलँड्सने तो क्रम उलटा केला.

पत्रे किती, रुग्ण किती

पहिल्या फेरीत २,६९,२७३ जणांना निमंत्रण गेले आणि त्यांपैकी ४३,३५८ जणांनी, म्हणजे १६.१ टक्क्यांनी, नमुना पाठवला. दुसऱ्या निमंत्रणाला हे प्रमाण १०.८ टक्क्यांवर आणि तिसऱ्याला ९.५ टक्क्यांवर उतरले. उशिरा बोलावलेल्या तुलनेच्या गटात, ज्यात ४८,०३१ जण होते, ते १३.० टक्के राहिले. चाचण्यांपैकी संसर्गित निघालेल्यांचे प्रमाण पहिल्या फेरीत ४.३ टक्के होते. तुलनेच्या गटातही ते ४.३ टक्केच निघाले. तिसऱ्या फेरीपर्यंत ते जेमतेम ०.२ टक्क्याने कमी दिसले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. हे सारे २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले.

या टक्केवाऱ्यांचे पत्रांच्या भाषेत रूपांतर केले तर चित्र अधिक स्पष्ट होते. पहिल्या फेरीत हजार पत्रांमागे १६१ नमुने आले आणि त्यांतून जवळपास सात संसर्ग सापडले. म्हणजे एक संसर्ग शोधायला सुमारे १४५ पत्रे लागली. तिसऱ्या फेरीत हजार पत्रांमागे ९५ नमुने आणि चारच्या आत-बाहेर संसर्ग; एका संसर्गामागे सुमारे २५५ पत्रे. याउलट एका संसर्गामागे लागणाऱ्या चाचण्या पहिल्या फेरीत २३ होत्या आणि तिसऱ्या फेरीत २४, म्हणजे जवळजवळ तेवढ्याच.

माझ्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म या दोन गुणोत्तरांमध्ये आहे. घरबसल्या तपासणीची चर्चा होते तेव्हा बहुतेक वेळा किटची किंमत आणि प्रयोगशाळेचे शुल्क यांवर बोट ठेवले जाते. पण हे खर्च जो माणूस किट मागवतो त्याच्यावरच होतात, जो मागवत नाही त्याच्यासाठी ते होतच नाहीत. सहभाग घसरला की तेही आपोआप घटतात. पत्राचे तसे नाही. पत्र सर्वांना जाते, स्मरणपत्र तर उत्तर न देणाऱ्यालाच जाते, आणि नोंदवहीतून नावे काढणारी माणसे, संकेतस्थळ, मदतवाहिनी, माहितीची सुरक्षितता यांचा खर्च कुणी उत्तर देवो वा न देवो, चालूच राहतो. समजण्यापुरते गृहीत धरू की छपाई, टपाल आणि स्मरणपत्र मिळून माणशी दोन युरो पडले. तर पहिल्या फेरीत फक्त बोलावण्याचा खर्च एका संसर्गामागे २९० युरो होतो आणि तिसऱ्या फेरीत तो ५१० च्या घरात जातो, तर चाचणीचा खर्च मात्र आहे तिथेच राहतो. दरवर्षी त्याच माणसांना पुन्हा पत्र पाठवण्याची पद्धत म्हणजे दरवर्षी अधिक महाग होत जाणारी खरेदी होती.

प्राथमिक प्रयोगातला ४१ टक्के सहभाग इथे का टिकला नाही, याचे एक उत्तर यंत्रणेच्या रचनेतच दिसते. तेव्हा साहित्य थेट दारात आले होते. आता आधी पत्र, मग संकेतस्थळ, मग सांकेतिक क्रमांक, मग प्रश्नावली, मग किटची वाट, मग नमुना, असा प्रवास होता, आणि प्रत्येक पायरीवर काही जण गळत होते. न मागणाऱ्यांना महागडे किट न पाठवल्याने पैसे वाचतात हा विचार चुकीचा नव्हता, पण वाचवलेल्या किटबरोबर सहभागही गेला. दुसरे उत्तर असे की दोन्ही प्रयोगांतली माणसे वेगळी होती: प्राथमिक प्रयोगात ग्रामीण भागही होता, इथे भर महानगरांवर होता, आणि महानगरातला विशीतला तरुण अनोळखी सरकारी पत्र उघडेलच असे नाही.

कोण उत्तर देते, हेही महत्त्वाचे ठरले. स्त्रियांचा सहभाग पुरुषांच्या साधारण दुप्पट होता, आणि ज्या वस्त्यांत संसर्गाची जोखीम जास्त होती तिथूनच नमुने कमी आले. पत्राला प्रतिसाद देण्याची सवय आणि संसर्गाची जोखीम एकाच घरात नांदत नाहीत, हे प्रतिबंधक आरोग्यात काम करणाऱ्यांना नवे नाही.

साथ का हलली नाही

संसर्गजन्य आजाराच्या चाळणीला कर्करोगाच्या चाळणीपेक्षा एक जास्तीचा फायदा मिळण्याची शक्यता असते. एक संसर्ग बरा केला तर त्या माणसाचेच भले होते असे नाही, त्याच्याकडून पुढे होणारे संसर्गही टळतात. अनुकूल निष्कर्ष देणाऱ्या प्रतिमानांत हा अप्रत्यक्ष लाभ मोठा वाटा उचलत असतो. पण तो मिळण्यासाठी एका वेळी समाजातले पुरेसे संसर्ग बरे व्हावे लागतात. सहभाग १६ टक्के असेल आणि न आलेल्यांमध्येही संसर्ग तेवढाच आहे असे मानले, तर सहापैकी पाच संसर्ग कार्यक्रमाच्या हाताबाहेरच राहतात, आणि तिसऱ्या वर्षी दहापैकी नऊ. बरा झालेला माणूस त्याच पाणवठ्यावर परत जातो.

याची दुसरी बाजू एका छोट्या गटात दिसली. तिन्ही फेऱ्यांत नमुना पाठवणाऱ्यांमध्ये संसर्गाचे प्रमाण ५.९ टक्क्यांवरून २.९ टक्क्यांवर, म्हणजे निम्म्यावर आले. ही आकडेवारी अनेकदा कार्यक्रमाच्या बाजूने पुढे केली जाते, आणि तिच्यात तथ्य आहे: जो वारंवार तपासणी करतो त्याचा फायदा होतो. पण हे लोक सर्व निमंत्रितांच्या २.८ टक्के होते. सार्वजनिक पैशाचा हिशेब मात्र उरलेल्या ९७.२ टक्क्यांसह द्यायचा असतो.

लाभाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे ओटीपोटातल्या दाहाकडे, पाहताना लंडनमधील विद्यार्थिनींवर झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उपयोगी पडतो. त्यात २,५२९ तरुणींनी स्वतः स्वॅब घेतले. निम्म्या जणींचे नमुने लगेच तपासले आणि उपचार केले, उरलेल्यांचे वर्षभर राखून मग तपासले. नंतरच्या तपासणीत ज्यांना सुरुवातीला संसर्ग असल्याचे कळले अशा ७४ जणींपैकी सात जणींना, म्हणजे ९.५ टक्क्यांना, वर्षभरात दाह झाला; वेळेत निदान झालेल्या ६३ संसर्गितांपैकी फक्त एकीला. तपासणी व्यक्तीला वाचवते याचा हा पुरावा आहे. पण दोन्ही गटांत मिळून झालेल्या दाहाच्या ३८ घटनांपैकी ३० अशा स्त्रियांमध्ये झाल्या ज्यांची सुरुवातीची चाचणी संसर्गमुक्त होती. वर्षातून एकदा घेतलेला नमुना मधल्या महिन्यांत झालेल्या संसर्गाला पकडत नाही. संपूर्ण गटांची तुलना केली तेव्हा दाहाचे प्रमाण १.३ टक्के विरुद्ध १.९ टक्के असे निघाले, आणि हा फरक योगायोग नाही असे छातीठोकपणे म्हणता आले नाही.

या आकड्यांना डच पत्रांची जोड दिली तर ढोबळ हिशेब असा बसतो. हजार पत्रांमागे सात संसर्ग. त्यांतले साडेचार-पाच स्त्रियांमध्ये धरले आणि प्रत्येक शंभर उपचारांमागे आठ दाह टळतात असे मानले, तर एक दाह टाळण्यासाठी अडीच ते तीन हजार पत्रे पाठवावी लागतात. आणि दाह म्हणजे वंध्यत्व नव्हे; बहुतेक स्त्रिया त्यातून औषधांनी बऱ्या होतात. सात आणि एक अशा छोट्या संख्यांवर बांधलेला हा अंदाज दोन्ही दिशांना बराच सरकू शकतो, पण तो दुपटीने सुधारला तरी निर्णयाची दिशा बदलत नाही.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या औपचारिक आर्थिक विश्लेषणाने, प्रत्यक्ष कार्यक्रमातला खर्च आणि प्रत्यक्ष सहभाग घेऊन, हेच सांगितले: इतक्या कमी सहभागात क्लॅमिडियाची नोंदवहीवर आधारित चाळणी खर्चाच्या कसोटीला उतरत नाही. इंग्लंडमध्येही याच धर्तीचा एक अभ्यास आधी होऊन गेला होता. ब्रिस्टल आणि बर्मिंगहॅम परिसरातल्या २७ दवाखान्यांच्या यादीतून निवडलेल्या लोकांना टपालाने नमुना पाठवण्यास सांगितले, सहभाग ३४.५ टक्के मिळाला, आणि २००७ मधल्या हिशेबानुसार स्त्री-पुरुष दोघांनाही बोलावल्यास एक मोठी गुंतागुंत टाळण्याचा खर्च २२,३०० पौंड निघाला. डच कार्यक्रमाच्या दुपटीहून जास्त सहभाग मिळूनही हा आकडा कुणाला स्वस्त वाटला नाही.

तेच किट, वेगळा पत्ता

इथपर्यंत वाचून घरबसल्या तपासणी म्हणजे पैशांचा अपव्यय, असा अर्थ काढला तर तो घाईचा होईल. याच कार्यक्रमाच्या पोटात एक दुसरा, लहान कार्यक्रम चालू होता: संसर्ग आढळलेल्यांना सहा महिन्यांनी आपोआप जाणारे फेरतपासणीचे किट. ते मिळालेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांनी नमुना परत पाठवला आणि त्यांतले सुमारे ९ टक्के पुन्हा संसर्गित निघाले. म्हणजे पाठवलेल्या शंभर पाकिटांमागे जवळपास सहा संसर्ग, तर सर्वसाधारण निमंत्रणांत शंभर पत्रांमागे एकसुद्धा नाही. नळी तीच, प्रयोगशाळा तीच, टपाल तेच. फरक एवढाच की इथे पत्ता वयावरून निवडलेला नव्हता, आजाराच्या पूर्वेतिहासावरून निवडलेला होता, आणि घेणाऱ्याला ते पाकीट आपल्यासाठीच का आले हे पुरते ठाऊक होते. नोंदवहीतून नाव शोधण्याचा, पटवण्याचा आणि आठवण देण्याचा खर्च इथे जवळजवळ शून्यावर येतो. शिवाय पुन्हा पुन्हा होणाऱ्या संसर्गांत बीजवाहिन्यांना इजा होण्याचा धोका अधिक मानला जातो, त्यामुळे सापडलेल्या प्रत्येक संसर्गाचे मोलही जास्त. या भागासाठी वेगळा हिशेब मांडून हा तुकडा नियमित सेवेत टिकवायला हवा होता, असे मला वाटते. मोठा कार्यक्रम बंद करताना त्याच्या आत दडलेले किफायतशीर काम नजरेआड होण्याची भीती नेहमीच असते.

लंडनच्या लॅम्बेथ आणि साउथवर्क या दोन भागांत झालेला आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याच प्रश्नाकडे आणखी एका बाजूने पाहतो. तिथे गेल्या वर्षभरात किमान एक जोडीदार असलेल्या १६ ते ३० वयाच्या २,०७२ जणांपैकी एका गटाला मोबाइलवर घरपोच किट मागवण्याच्या संकेतस्थळाचा दुवा पाठवला आणि दुसऱ्याला जवळच्या केंद्रांची माहिती. सहा आठवड्यांत पहिल्या गटातल्या ५०.० टक्के जणांनी लैंगिक संसर्गांची तपासणी करून घेतली, दुसऱ्यातल्या २६.६ टक्क्यांनी. निदान झालेल्यांचे प्रमाण २.८ विरुद्ध १.४ टक्के होते. पण उपचार झालेल्यांचे प्रमाण १.१ विरुद्ध ०.७ टक्के एवढेच, आणि निदान व उपचार या दोन्ही बाबतींतले फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठाम नव्हते. सहभागाचा प्रश्न सुटला तरी निदानापासून गोळीपर्यंतचा रस्ता उरतोच, आणि खर्चाचा हिशेब चाचण्यांच्या संख्येवर थांबवणाऱ्या अहवालांत हा रस्ता दिसत नाही. एका चाचणीचा खर्च हे मोजमाप कारभारासाठी सोयीचे असते. निर्णयासाठी किमान एका बऱ्या झालेल्या संसर्गाचा खर्च विचारायला हवा.

निर्णय

नेदरलँड्सने नोंदवहीवर आधारित ही चाळणी देशभर नेली नाही. तपासणी पुन्हा फॅमिली डॉक्टर आणि जोखमीच्या गटांसाठी असलेली लैंगिक आरोग्य केंद्रे यांच्याकडेच राहिली. इंग्लंडने २००३ पासून चालवलेल्या आपल्या क्लॅमिडिया कार्यक्रमाचे उद्दिष्ट जून २०२१ मध्ये बदलले: समाजातला संसर्ग कमी करण्याचा दावा बाजूला ठेवून, उपचार न झालेल्या संसर्गाने होणारी हानी टाळणे हे ध्येय ठरवले, आणि लैंगिक आरोग्य केंद्रांबाहेर स्वतःहून तपासणी देऊ करणे तरुण स्त्रियांपुरते मर्यादित केले. या बदलामागे डच प्रयोगासारख्या पुराव्यांचा वाटा होता हे उघड आहे, कारण पुरुषांना सरसकट तपासण्याचे समर्थन साथ आटोक्यात येण्याच्या अपेक्षेवरच उभे होते, आणि तीच अपेक्षा ॲमस्टरडॅम-रॉटरडॅममध्ये फोल ठरली होती.

या बदलावर आक्षेप आहेत, आणि ते फेटाळण्यासारखे नाहीत. संसर्ग दोघांमध्ये फिरतो आणि तपासणीचा भार एकीवर पडतो, हे न्यायाच्या दृष्टीने खटकते. पण त्याला उत्तर म्हणून पुन्हा लाखो पत्रे छापण्यापेक्षा, संसर्ग आढळलेल्या स्त्रीच्या जोडीदारासाठी तिच्याबरोबरच एक किट देणे हा मार्ग खर्चाच्या अंगाने अधिक आशादायक दिसतो: त्या जोडीदाराला संसर्ग असण्याची शक्यता रहिवासी नोंदवहीतल्या कोणत्याही नावापेक्षा कितीतरी जास्त असते, त्याला शोधण्यासाठी पत्र लागत नाही, आणि तो बरा झाला नाही तर तिच्यावर झालेला उपचाराचा खर्चही वाया जाण्याचा धोका राहतो. डच कार्यक्रमात जोडीदारांना कळवण्याचे काम डॉक्टर आणि केंद्रांवर सोपवलेले होते. निमंत्रणाची, किटची आणि निकालाची बाजू मध्यवर्ती संकेतस्थळावरून पायरीपायरीने सांभाळली गेली, आणि जोडीदाराची बाजू मात्र फॅमिली डॉक्टरच्या दहा मिनिटांच्या भेटीवर राहिली.